बटर पेपरवरचं स्टेडियम

पहाटेपासून गारेचा बारीक चुरा पडत होता. पाऊस म्हणावा तर तोंडाला टोचत होता, बर्फ म्हणावा तर पांढरं काही दिसत नव्हतं. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. इलिनॉयमधल्या हार्लन नावाच्या त्या कॉलेजच्या गावात अशा हवेत कुत्रंसुद्धा दारातूनच मागं फिरतं. पण शशिकांत साडेपाचपासून अंगणात वाकलेला होता. कानटोपी, वर हुड, हातात निळ्या टेपचं रीळ. लॉनवर खुंट्या ठोकून चौदा गाड्यांचे पट्टे आखायचे, ड्रेनच्या झाकणावर प्लायवूड टाकायचं, मग आत जाऊन पाच किलो बटाटे उकडायचे. गावात फुटबॉलची मॅच असली की शनिवारी हेच. चौतीस वर्षं.

हा फुटबॉल म्हणजे पायानं कमी आणि अंगानं जास्त खेळायचा अमेरिकन फुटबॉल. मिरजेहून आलेल्या शशिकांतला पहिल्या वर्षी त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. कळलं एवढंच की, शनिवारी सगळं गाव स्टेडियममध्ये असतं, आणि जो तिथं नसतो तो गावात नसतोच. म्हणून त्यानं स्टेडियमच्या दक्षिणेला, पार्किंगच्या कुंपणाला लागून घर घेतलं, लॉन लोकांच्या गाड्यांना मोकळं सोडलं आणि वडे तळायला सुरुवात केली. वड्यांना ती माणसं पोटॅटो बॉम्ब म्हणायची, आणि त्याला शॅश.

आत उत्तरा लसूण ठेचत होती. नागपूरची, रिटायर्ड पॅथॉलॉजिस्ट. जन्मभर मायक्रोस्कोपखाली लोकांचे रोग बघून तिच्या नजरेला आणि जिभेला सारखीच धार आली होती.

"चौतीस वर्षांपासून खाऊन राहिले ते तुमचे वडे," ती म्हणाली. "एकाला तरी तुमचं आडनाव विचारून पहा बरं."

"आडनाव काय चाटायचंय? माणसं जिवाची आहेत."

"हो नं. म्हणूनच तं नातवाच्या बारशाला तुम्ही इथे गाड्या लावून राहिले होते."

त्यानं बटाटे कुकरमध्ये टाकले. सहा वर्षांपूर्वी पार पश्चिम किनाऱ्याजवळच्या रेडमंडला सावनीला, त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, मुलगा झाला तो ऐन ऑक्टोबरात. याचे सगळे शनिवार मॅचला वाटलेले. "सीझन संपला की येतो," म्हणाला आणि गेला जानेवारीत. तेव्हापासून उत्तरा म्हणत होती, घर विकू, लेकीजवळ राहू. तेव्हापासून याचं एकच उत्तर होतं. माझी माणसं इथं आहेत.

आणि आता तीच माणसं जायची पाळी आली होती. स्टेडियम सत्तर वर्षांचं, पायऱ्यांतून गवत उगवलेलं. नवं बांधायचं हे ठरलं होतं. कुठं, यावर गावात भावाभावांची तोंडं फिरली होती. एक पार्टी म्हणत होती, हायवेजवळ अकरा मैलांवर मक्याच्या शेतात न्या. दुसरी म्हणत होती, बापजाद्यांनी आरोळ्या ठोकल्या त्याच जागेवर बांधा. फॅन असोसिएशननं कॉलेजच्या समितीला आपली शिफारस आज द्यायची होती आणि तिची बैठक होती शशिकांतच्या गॅरेजमध्ये. शेतात गेलं तर या लॉनवर कोण येणार? अकरा मैलांवरून वडा खायला कुणी वाकडी वाट करत नाही, हे त्याला पक्कं कळत होतं. महिनाभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

आठ वाजता गॅरेज भरलं. वीसेक माणसं, सगळी निळ्या जर्सीत. हीटरजवळची खुर्ची अध्यक्ष डेलची. डेल हायस्कूलचा रिटायर्ड प्रिन्सिपॉल, दोन माणसं दिसली की भाषण करणारा. त्याच्याशेजारी ब्रेट, इन्शुरन्सवाला, ज्याचा पिकअप ट्रक दर खेपेला लॉनमध्ये नांगरासारखा फिरायचा. बोलणं अर्थात इंग्रजीतच चाललं होतं.

"शेतात पार्किंग ढीगभर आहे," ब्रेट तोंडात अख्खा वडा ठेवून म्हणाला.

"शेतात मका पण ढीगभर आहे. मॅच बघायला कोण येणार, कावळे?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

"मागच्या तीन सीझनचा खेळ बघता कावळेच बरे."

"माझ्या बापाची राख त्या पश्चिमेकडच्या गोलखाली आहे," मागून एकजण ओरडला. "ती काय फावड्यानं उचलून हायवेला नेऊ?"

डेलनं हात वर केला. "मित्रांनो, मलाही इथंच हवंय. पण कन्सल्टंट म्हणतोय, बसत नाही. आत्ताचं मैदान पूर्व-पश्चिम आहे, दुपारी खेळाडूंच्या डोळ्यांत ऊन जातं. नवं उत्तर-दक्षिण हवं. आणि फिरवलं की उत्तरेला ते रेल्वेच्या रुळांवर जातं. विषय संपला." त्यानं नकाशा टेबलावर पसरला. ब्रेटनं त्यावर चटणी सांडली.

शशिकांत झारा हातात घेऊन नकाशावर वाकला. चाळीस वर्षं त्यानं पूल आणि पाण्याच्या टाक्या डिझाइन केल्या होत्या. चुकीचा नकाशा दिसला की त्याला दाढेत बडीशेप अडकल्यासारखं व्हायचं.

"हा कन्सल्टंट गाढव आहे," तो म्हणाला. "यानं जुन्या मैदानाचा मधला बिंदू धरून फिरवलंय. तसं का करायचं? दक्षिणेला सरकवा की!"

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. चौतीस वर्षांत गॅरेजमधले सगळे पहिल्यांदाच शॅशचं ऐकत होते, आणि हातात वडा न धरता. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. वड्यांच्या ट्रेमधला बटर पेपर त्यानं ओढून काढला, तेल पिऊन पिऊन तो काचेसारखा झाला होता. नकाशावर ठेवून पेन्सिलीनं स्टेडियमचा आकार गिरवून घेतला, कात्रीनं कापला, आडव्याचा उभा केला आणि बोटानं हळूहळू खाली सरकवू लागला. रूळ सुटले. पार्किंग आत आलं. आणखी थोडं खाली.

"बसलं!" तो ओरडला. "बघा! एक फूटसुद्धा रुळांवर नाही!"

गॅरेज दणाणलं. कुणीतरी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. शशिकांत हसत खाली बघत होता, आणि तेलकट कागदातून त्याला खालचे सहा चौकोन दिसले. कुंपणाला लागून असलेली त्यांची गल्ली. नव्या दक्षिणेकडच्या गोलच्या मागे, जिथं बँड बसेल, तिथं तिसरा चौकोन. त्याला चिकटलेला छोटा चौकोन म्हणजे गॅरेज. ते सगळे उभे होते तेच.

त्यानं बोट उचललं नाही. फक्त हसू तेवढं चेहऱ्यावर राहिलं, काढायला विसरल्यासारखं.

आता कोणीतरी म्हणेल. त्यानं वाट पाहिली. हे असं चालणार नाही, शॅशचं घर आहे ते, असं कोणीतरी म्हणेलच. डेल चष्मा लावून वाकला.

"शॅश," तो सावकाश म्हणाला, "हे तर तुझं घर आहे."

"हो," शशिकांत म्हणाला.

डेल सरळ झाला. त्यानं टोपी काढून छातीशी धरली. "मित्रांनो, बघून घ्या. याला म्हणतात फॅन! आपल्या टीमसाठी माणसानं स्वतःचं घर नकाशावर ठेवलं!"

टाळ्या. शिट्ट्या. मागच्या राखवाल्यानं तर डोळे पुसले.

"नाही, म्हणजे... मी फक्त कागदावर..." शशिकांत म्हणाला. पण डेलनं कागदाचा फोटो काढला होता आणि तो समितीकडे पोचलाही होता.

"थांबा, थांबा," ब्रेट मोठ्यानं म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर चिंतेचा होता. शशिकांतनं आशेनं मान वर केली. "मग आपण गाड्या कुठं लावायच्या?"

त्यावर पाऊण तास चर्चा झाली. चर्चच्या मागची जागा, शाळेचं ग्राउंड, कुणाच्या तरी मेहुण्याचं अंगण. शेवटी सगळे मॅचला निघाले तेव्हा डेल फॉर्म भरत म्हणाला, "सूचना कुणाची, ते लिहायचंय. शॅशचं आडनाव काय रे?"

ब्रेटनं खांदे उडवले. "पोटॅटो बॉम्ब लिही."

डेल हसला आणि त्यानं 'शॅश, स्थानिक रहिवासी' असं लिहिलं. शशिकांत दोन हातांवर होता. त्यानं तेल गाळायला घेतलं.

उत्तरा दारात चटणीचं भांडं धरून उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. "आत्ता जा नं त्यांच्या मागे," ती मराठीतच म्हणाली. "सांगा, मला इथे राहायचं आहे म्हणून."

"कसं सांगू? टाळ्या वाजवल्या त्यांनी."

"बाप्पा," ती म्हणाली आणि हसायलाच लागली. भांडं ठेवून तिनं फोन लावला. "सावनी, ऐक. मी सहा वर्षं बोंबलून राहिली, ते तुझ्या बाबांनी आज कात्रीनं करून दिलं. घर पाडलं."

स्पीकरवरून लेकीचा आवाज आला. "सीरियसली? आई, तू ये ना मग. खालची रूम रेडीच आहे."

"आणि बाबा?"

"बाबांकडे सीझन तिकीट आहे ना," सावनी म्हणाली. "ही विल बी फाइन."

उत्तरानं फोन ठेवला. शशिकांतकडे पाहिलं नाही. पण ती रूमच्या खिडक्यांची मापं विचारायला लेकीला मेसेज करायला बसली, ते त्याला दिसलं.

तो मॅचला गेला नाही. घरात बसून त्याला लोकांचा गलका ऐकू येत होता, दर खेपेला दुसऱ्या टीमचा. तीन वाजता सगळे परतले, एकतीस-दहा हरून. हरल्यावर कोणी कुणाशी बोलत नाही, तसे गाड्यांत बसून गेले. ब्रेटचा ट्रक उलटा फिरताना रुतला, चाकं गरगरली, चिखल थेट खिडकीपर्यंत उडाला आणि लॉनवर कोपरभर खोल चर पडला. "पुढच्या सीझनला भेटू, शॅश!" काच खाली न करताच तो ओरडला असावा, ओठ हलताना दिसले.

गारा थांबल्या होत्या. शशिकांतनं एकेक खुंटी उपटून बादलीत टाकली, टेप गुंडाळली, शेडमधून मातीची ढकलगाडी आणि गवताच्या बियांची पिशवी आणली. जमीन गोठायच्या तोंडावर पेरलेलं बी एप्रिलात उगवतं. समितीचा निर्णय मार्चमध्ये होता.

खिडकी उघडून उत्तरा ओरडली, "आता कशासाठी पेरून राहिले तुम्ही? बुलडोझरले गवत लागते का?"

"चर तसाच ठेवला तर पाणी साचतंय," तो म्हणाला. खाली वाकून त्यानं चरात माती ओतली, बुटानं दाबली, वर मूठभर बी फेकलं आणि ढकलगाडी पुढच्या चराकडे ढकलली.