त्याचं डावं की माझं डावं?

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे मी माझ्या धंद्याची शपथ घेऊन सांगतो. कारण भुतं मी स्वतः बनवतो! हिंगोलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. 'गेलेल्या आजोबांना नातवाच्या बारशात उभं करून द्या' म्हणून लोक येतात... मी आजोबांना उभं करतो, वर त्यांच्या हातात खुळखुळाही देतो. तेव्हा पुढचं वाचताना हसू आलं तर खुशाल हसा. पहिला मीच हसलो होतो.

तर — सुदाम मास्तर. शाळेत चित्रकला शिकवायचा आणि रविवारी माझ्यासोबत पक्षी बघायला हिंडायचा. मी त्याला मास्तर म्हणायचो, तो मला 'इस्टुडिओ'. आमची कामाची पद्धत ठरलेली होती. मी कॅमेऱ्याला डोळा लावून जमिनीवर पालथा, आणि माझ्या मागे दुर्बीण घेऊन मास्तर उभा. तो पक्षी 'वाचायचा'. चोचीपासून शेपटीपर्यंत, अगदी हळू आवाजात — "चोच करडी. डोळा नारिंगी. पंखावर पांढरी रेघ..." त्यामुळे मला कॅमेऱ्यातून नजर काढावी लागायची नाही, आणि घरी येऊन पक्षी ओळखताना फोटोत न आलेलंही आमच्याजवळ असायचं.

भांडण मात्र एका गोष्टीवरून कायमचं. डावं आणि उजवं! मी पडलो स्टुडिओवाला. गिऱ्हाइकाला 'डावा खांदा खाली घ्या' म्हणतो तेव्हा तो गिऱ्हाइकाचा डावा. मास्तरचं उलटं.

"चित्र बघणाऱ्यासाठी असतंय," तो म्हणायचा. "माझ्या डाव्या हाताला दिसलं ते डावं."

"आणि पक्ष्याचं स्वतःचं डावं?"

"त्याला काहून इचारतो? त्याला काय सदरा शिवायचाय?"

वर्षानुवर्षं हेच. दोघांपैकी कुणी एक इंच हटलं नाही.

एका हिवाळ्यात माझी लग्नाची ऑर्डर होती म्हणून मास्तर एकटाच शिरड शहापूरला गेला. तिथल्या तळ्यामागच्या रानात त्याला एक होला दिसला. आपल्या अंगणात दाणे टिपणारा साधा होला नव्हे. हा अंगाने मोठा, पाठीवर तांबूस कडांचे खवले, मानेच्या बाजूला काळे-पांढरे पट्टे. पुस्तकाप्रमाणे हा पूर्वेकडून हिवाळ्यात येणारा होला. आमच्या पक्षीवाल्या ग्रुपमध्ये कुणीच तो जिल्ह्यात पाहिलेला नव्हता. ग्रुपवर एकच सवाल — फोटो? फोटो नव्हता. मग काय विचारता! 'मास्तर, रंगपेटी घेऊन गेला होता काय?' इथपासून सुरुवात. मास्तरनेही हसण्याची चित्रं पाठवली. पण रात्री मला फोन करून म्हणाला, "इस्टुडिओ, येकदा तू चाल. तुझ्या कॅमेऱ्याच्या डब्यात घालून आणू त्याला."

पुढच्या हिवाळ्यात नक्की जायचं ठरलं. मधल्या उन्हाळ्यात मास्तर झोपेतच गेला.

हिवाळा आपला आला. मी एकटाच निघालो. होला मला नको होता हो, मास्तर खोटा नव्हता एवढं ग्रुपला दाखवायचं होतं. तळ्याच्या बांधावर बसून सवयीने दोन चहा ओतले. एक थर्मासच्या झाकणात, एक कपात. कपातला पुन्हा थर्मासमध्ये ओतला. तो परत ओतायला किती वेळ लागतो, हे एकट्याने गेल्याशिवाय कळत नाही.

सोयाबीन काढलेलं रान. चांगलं लख्ख ऊन, सकाळची वेळ. सपाट काळी जमीन, आडोसा म्हणून एक बाभूळसुद्धा जवळ नाही. हे मुद्दाम सांगतोय, लक्षात ठेवा. मी पालथा पडलो. बराच वेळ साधे होलेच येत-जात राहिले. मग त्यांच्यात एक मोठा उतरला. तोंड सरळ माझ्याकडे. पाय धसकटांत बुडालेले. मी बटणावर बोट ठेवलं.

"आला. हलू नको."

मी हललो नाही.

"पाठीवर खवले. कडा तांबूस. मानंवर पट्टे हायेत, ठिपके न्हाईत, बराबर बघ. डाव्या पायाचं मधलं बोट न्हाई."

मी सवयीने "हं" म्हटलं.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की आपण कुणाला हं म्हटलं.

घाबरलो का? खरं सांगू... नाही. मी फोटो काढत राहिलो. होला उडाला, तरी मी डोळा काढला नाही. रिकाम्या मातीवर बटण दाबत राहिलो. मागे वळलो नाही तोवर मागे कुणीतरी आहे, एवढंच डोक्यात होतं. मान दुखायला लागली, डोळ्यातलं पाणी कॅमेऱ्याला लागलं, तरी तसाच.

"अरे उडालं ना ते! आता काय ढेकळाचे फोटू काढून राहिला?"

मला फस्सकन हसू आलं. हसता हसता वळलो.

रान. नुसतं रान. लांब कुठेतरी एक ट्रॅक्टर, गोट्यांच्या खेळातल्या गोटीएवढा.

ग्रुपवर फोटो टाकला, खाली ऐकलं तसं सगळं लिहिलं, डाव्या पायाच्या बोटासकट. कुणाकडून ऐकलं ते लिहिलं नाही. सगळ्यांनी मान्य केलं — मास्तरचाच होला. माझ्या फोटोत पाय दिसतच नव्हते, त्यामुळे बोटाबद्दल कुणी काही बोललं नाही. मीही स्वतःची समजूत घातली, की एकटेपणात माणसाच्या कानात जुनी टेप वाजते. झालं!

काही दिवसांनी ग्रुपमधल्या, डोंगरकडा गावच्या मॅडमचा फोन. शाळेत शिकवतात, बोलणं रोखठोक.

"सर, तुमचा होला आमच्याकडं आला की! विहिरीच्या कठड्यावर बसला होता. पाय येकदम साफ आलेत फोटोत. बोट खरंच तुटलंय बघा. पण तुमी चुकलात. डावा न्हाई, उजवा पाय हाय."

मी स्टुडिओत खुर्चीवर बसलो होतो, तो उभा राहिलो.

"मॅडम, फोटोत त्याचं तोंड तुमच्याकडं आहे का?"

"व्हय."

"मग तो पाय तुमच्या कोणत्या हाताला येतो?"

"...डाव्या. पण सर, असं कुणी लिहितं का?"

"एक जण," मी म्हणालो.

आता सांगा. मनाचे खेळ म्हणाल, तर माझ्या मनाने धसकटांत बुडालेलं, मी न पाहिलेलं, मास्तरनेही कधी न सांगितलेलं बोट कसं हेरलं? आणि हेरलंच, तर ते चुकलं कसं — तेही नेमकं मास्तरसारखं? मी आयुष्यात कधी असं डावं म्हटलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडे याचं उत्तर असेल तर सांगा... किंवा राहू द्या.

मास्तरचा आणि माझा एकत्र असा एकही फोटो नाही. फोटो काढणारा मीच ना! बायको म्हणते, लोकांना करून देता, तसा करून घ्या. करायला वेळ लागणार नाही. केला नाही.

त्यानंतर तो आवाज पुन्हा आला नाही. मी मात्र अजून रविवारी जातो, पालथा पडतो, आणि समोर पक्षी आला की मुद्दाम मोठ्याने म्हणतो, "डावा पंख! पक्ष्याचा डावा!"

पक्षी उडून जातो. मी थोडा वेळ तसाच पडून राहतो... कुणी भांडत नाही.