कापसाच्या खोलीतलं रेकॉर्डिंग
परवा गादी पिंजायला उसवली आणि जुन्या कापसाचा तो कोंदट, गोडसर वास नाकात शिरला. कॅसेटच्या काळात एका वर्षी कापसाला भाव नव्हता, म्हणून बाबांनी सगळा कापूस घरातच ठेवला होता. पुढची खोली आढ्यापर्यंत भरली होती. मारेगावकडचे आम्ही चार मित्र भीमगीतांनी झपाटलेले: मी गायचो, एक पेटीवर, एक ढोलकवर, एक कोरसला. आपली एक कॅसेट निघावी, एवढंच स्वप्न. त्या खोलीत आवाज घुमत नाही, हे पेटीवाल्याच्या ध्यानात आलं. "अबे, हा तं फुकटचा स्टुडिओ हाय!" भर दुपारी दार लावून, ढिगावर बसून आम्ही टेपचं बटण दाबलं. पण कोरस धरणाऱ्याच्या नाकात कापूस गेला. ऐन कडव्यात तो असा शिंकला, की ढोलकवाल्याला घेऊन खाली घसरला आणि कापूस दोघांवर ढासळला. बाहेर फक्त चार पाय दिसत होते. हसून हसून पोटं दुखली. पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही तो शिंकलाच, तेव्हा मी चिडलो. "तू बाहीर बस बे, तुह्यापायी गाणं खराब होऊन राह्यलं." "बरं बाप्पा, मी बाहीरूनच आयकतो," म्हणत तो निमूट गेला. गाणं झकास झालं. फक्त शेवटी, बंद दारामागून, त्याची एक शिंक आलीच. मी कपाळावर हात मारला. दोन वर्षांनी, दुसऱ्याच्या शेतात कापसाच्या पऱ्हाटीवर रोजानं औषध फवारताना विषबाधा होऊन तो गेला. कॅसेट अजून वाजते. गाणं लावलं की मी दाराकडे तोंड करून बसतो आणि त्या शिंकेची वाट पाहतो.