माझ्या टेबलाचा चौकोन

हिंगोलीत आमचं ऑफिस एका बंद पडलेल्या शिकवणीच्या खोलीत आहे. सॉफ्टवेअर करणारे आम्ही चौघं, मुख्य कचेरी पुण्यात. शिकवणीचा फळा आम्ही काढला नाही.

आमच्यातली एक प्रोग्रामर डोंगरकडा गावाहून बसने येते. काम हाती घेतल्यापासून पूर्ण होईपर्यंत कुणाला किती दिवस लागतात, एवढंच मी मोजत असे. तिच्या कामांना सगळ्यांत जास्त दिवस लागायचे. 'काम संथ' असा शेरा मी पुण्याला कळवला. तिचा करार महिनाअखेर संपत होता. त्या शेऱ्यावर तो वाढला नसता, हे मला माहीत होतं.

त्याच आठवड्यात नव्या कामात काय काय मोजायचं ते ठरवायला बसलो. काम कसं पुढे सरकतं ते आधी काढलं, तर कुठे मोजायचं ते कळतं. म्हणून फळ्यावर चौकोन काढले: मागणी, आराखडा, कोड, चाचणी. मध्ये बाण.

"काही राहिलं का?" मी विचारलं.

"सर, तुमचा चौकोन काहून न्हाई काढला?" ती म्हणाली.

"माझा कसला?"

"कोड झाला की तुमी तपासता. मग चाचणीला जातं ना."

"मोठा काढ गं," मागून एकजण म्हणाला, "लई काम मावतं त्यात."

सगळे हसले, मीही हसलो. तिने चौकोन काढला आणि बाजूला लिहिलं: आलं कधी, गेलं कधी.

त्या तारखा संगणकात होत्याच, मी कधी पाहिल्या नव्हत्या. दुपारी तिची मागची कामं उघडली. कोड ती दोन-तीन दिवसांत संपवत होती. उरलेले दिवस तो माझ्याकडे पडून होता. इतरांची सोपी कामं मी लगेच तपासायचो. अवघड कामं तिच्याकडे असायची, ती मी मागे टाकायचो.

उशीर माझा आहे, शेरा रद्द करा, असं पुण्याला लिहिलं. मग तिला सांगितलं. तिला शेऱ्याचा पत्ताच नव्हता. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.

"संथ लिवलं व्हतं व्हय?" ती म्हणाली. "ते आमच्या सासूबाईंना दाखवायचं व्हतं. त्या म्हणतात, मी लई घाई करते."

करार वाढला. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. आता तिचं काम माझ्याकडे अडकलं की ती खुर्ची ओढून शेजारी बसते आणि माझं वाचून होईपर्यंत उठत नाही. मला ते बरं वाटतं.