जोतिबाच्या तळावर मोकळं सोडलेलं कुत्रं

ही गोष्ट सांगायची मी कितीतरी वर्षं टाळली. जत्रेचा विषय निघाला की मी माझ्या कुत्र्याचं कौतुक सांगत बसायचो आणि नेमका तो एक दिवस गाळायचो. माझी बायको असेपर्यंत ती अशा वेळी उठून आत जायची. आता तीही नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोल्हापुरात एका शाळेत शिक्षक होतो. चैत्रात आम्ही दोघं बैलगाडीनं जोतिबाला जायचो. डोंगराच्या पायथ्याला माळावर गाड्यांचा तळ पडायचा. तिथं कुणी नियम लावलेले नव्हते, पण सगळे पाळायचे. शेजाऱ्याच्या अंगावर धूर जाणार नाही अशी चूल मांडायची, आपल्या बैलांचं शेण आपण उचलायचं आणि कुत्रं असेल तर ते गाडीच्या आसाला बांधायचं. त्या वर्षी मी माझा कारवानी जातीचा शिकारी कुत्रा सोबत नेला होता. लोकांनी वळून बघावं म्हणूनच नेला होता, आणि बांधलेल्या कुत्र्याकडं कोण बघतंय?

शेजारच्या गाडीत गडमुडशिंगीचं एक कुटुंब होतं. सासू-सासरे, मुलगा आणि पाचवा महिना लागलेली सून. सासूनं आल्या आल्या सांगितलं, "पावणं, कुत्रं बांधा की वो. निवद हाय आमचा."

"आमचं कुत्रं कुणाला काय करत नाही," मी म्हणालो.

"तुमाला करत न्हाय. आमाला कुठं वळखतंय ते?"

मी हसलो आणि बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुंईकुंई करायला लागला, तसा सोडला.

सुनेवर निवदाच्या पोळ्यांची बुट्टी सोपवून ती तिघं आंघोळीला गेली होती. गाडीच्या सावलीत तिचा डोळा लागला. मी पाणी घेऊन परतलो, तर माझ्या कुत्र्याचं तोंड बुट्टीत. वरचं फडकं बाजूला पडलेलं, पोळ्या जवळजवळ संपलेल्या. मी त्याला पट्टा धरून ओढला, रुमालानं त्याचं तोंड पुसलं, आसाला बांधला. फडकं होतं तसं बुट्टीवर टाकलं. सून झोपलेलीच होती. माझी बायको चुलीपाशी बसून सगळं बघत होती.

थोड्या वेळानं सासू आली, तिनं फडकं उचललं आणि ओरडली, "अगं बये, देवाच्या आधी तू खाल्लंस? घरात उपाशी ठेवतो व्हय तुला?"

सून दचकून उठली. "मी न्हाय खाल्लं, आत्याबाई. डोळा लागला हुता. कुत्र्यानं खाल्लं आसंल."

"कुत्र्यानं? आणि वर फडकं झाकून गेलं व्हय ते?"

आजूबाजूच्या गाड्यांतली माणसं हसली. सासरे मात्र माझ्याकडं आले; मी शिक्षक आहे हे त्यांना आदल्या दिवशी बोलण्यात कळलं होतं. हात जोडूनच विचारलं, "गुरुजी, तुमचं कुत्रं सुटलं हुतं काय वो?"

"छे. सकाळपासून बांधलेलंच आहे."

"बघ," सासू सुनेला म्हणाली, "गुरुजी खोटं बोलतील व्हय?"

सून माझ्याकडं बघत राहिली. नवऱ्यानं मान खाली घातली होती. त्या दिवशी तिला कुणी जेवायला वाढलं नाही. माझी बायको भाकरी घेऊन निघाली, तर मीच तिला अडवलं. म्हटलं, त्यांच्या घरातलं आहे, आपण कशाला पडायचं? शेजारधर्म कुठं पाळायचा आणि कुठं नाही, हे मला तेव्हा फार नेमकं कळत होतं.

पुढं काही वर्षांनी त्याच गावचा एक पालक शाळेत आला. बोलता बोलता जत्रेचा विषय निघाला. तो हसत म्हणाला, "आमच्या गल्लीत एक सून हाय, तिनं देवाचा निवद खाल्ला हुता. अजून तसंच म्हणत्यात तिला. पोर आजारी पडलं की सासू म्हणती, हिनंच देव कोपवला."

त्यानंतरच्या रविवारी मी एसटीनं गडमुडशिंगीला गेलो. घर विचारून काढलं. सासू ओसरीवर बसली होती, तिला आता नीट दिसत नव्हतं. "कोण पावणं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "कोल्हापूरचा शिक्षक. जत्रेत शेजारी होतो." तिनं आत हाक मारून चहा टाकायला सांगितला.

चहा घेऊन ती सूनच आली. पाहताक्षणी ओळखलं तिनं मला. कप खाली ठेवत विचारलं, "कुत्रं हाय न्हवं अजून?"

"नाही. गेलं."

"माझं पोर हाय," ती म्हणाली. "दोन दिस ताप उतरंना. आता देवाचा कोप उतरवाया माझ्या नावानं परडी सोडायची म्हणत्यात."

सासू जेमतेम तीन हातांच्या अंतरावर बसलेली होती. मी तिच्याकडं वळलो, तोंडही उघडलं. पण बाहेर पडलं ते एवढंच, "दवाखान्यात दाखवा त्याला." सून तशीच उभी राहिली. मी कप रिकामा होईपर्यंत ती हलली नाही. मग मी उठलो, चपला घातल्या आणि स्टँडकडं चालू लागलो.

त्या ओसरीवर दोन वाक्यं बोलायची होती, आणि ती सासूला ऐकू जातील अशी मोठ्यानं बोलायची होती: निवद माझ्या कुत्र्यानं खाल्ला, आणि ते झाकून मी खोटं बोललो. पोरी, मला माफ कर.