कुंभकोणमची साडेतीनशे सीसी आणि माझे पाय

सोळा वर्षं मी बिनगिअरच्या स्कूटरवरून भाषणं करत फिरते आहे. बार्शीच्या आसपास साठ-सत्तर किलोमीटरच्या टापूत क्वचितच एखादं वाचनालय किंवा महिला मंडळ असेल, जिथे मी घसा फोडून बोललेली नाही. परवानाही तेवढाच आहे, बिनगिअरच्या दुचाकीचा. त्यापुढची गाडी चालवायची तर आधी शिकाऊ परवाना, मग महिन्याने परीक्षा. गेल्या हिवाळ्यात, त्रेपन्नाव्या वर्षी, मी तो शिकाऊ परवाना काढला. कारण वर्षभर मी प्रत्येक सभेत विचारत होते की मुलाला मोटारसायकल आणि मुलीला स्कूटर ही वाटणी केली कुणी. बायांनो, धाकट्या गाडीवर समाधान मानू नका, असं मी म्हणायचे आणि टाळ्या पडायच्या. बोलायचं एक आणि चालवायचं दुसरं, हे मला जमत नाही.

पण गाडी निवडायची कशी? सोलापुरात तीन शोरूम फिरले. चालवून बघते म्हटलं की काउंटरवरचा माणूस परवाना मागायचा आणि तो पाहून हसून परत द्यायचा. "मॅडम, गिअरचं लायसन्स झालं की या." एकाने तर गुलाबी रंगाची नवी स्कूटर दाखवली. चालवल्याशिवाय परीक्षा नाही आणि परीक्षेशिवाय चालवायला मिळत नाही, अशा चक्रात मी दोन महिने होते.

त्यात वेंकटरावांचा फोन आला. तमिळ मुलखात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या कुंभकोणमच्या मराठी कुटुंबांतले हे निवृत्त बँक अधिकारी माझा ब्लॉग वाचतात. तिथल्या मंडळींच्या वार्षिक मेळाव्यात भाषणाला या, म्हणाले. बोलता बोलता कळलं की निवृत्तीनंतर घेतलेली साडेतीनशे सीसीची मोटारसायकल ते विकणार आहेत. "डोळे आता बरे नाहीत," एवढंच कारण दिलं. शिकाऊ परवाना देशभर चालतो. पुढे-मागे लाल 'एल' लावायचा आणि शिकवणारा म्हणून पक्का परवाना असलेला माणूस मागे बसवायचा. वेंकटराव बसायला तयार होते. मी तिकीट काढलं.

कुर्डुवाडीहून चेन्नई, तिथे स्टेशन बदलून एग्मोरहून कुंभकोणम. जाणाऱ्यांनी मध्ये एक रात्र चेन्नईत झोपावं. मी हट्टाने सलग गेले आणि उतरले तेव्हा कंबर माझी राहिली नव्हती. स्टेशनजवळ अकराशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. समोरच्या टपरीवर पितळी पेल्यात पंचवीस रुपयांची कॉफी. ती प्यायल्यावर मी थोडीशी माणसात आले.

संध्याकाळी वेंकटरावांच्या घरी गेले. उंच, किरकोळ बांधा, अडुसष्ट वर्षांचे, कपाळावर नाम, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्यांची मराठी ऐकताना आपण कुणाचं तरी दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं पत्र वाचतोय असं वाटतं, मधूनच तमिळ शब्द येतात एवढंच.

"बैसा अक्का, बैसा. प्रवासाने श्रमला असाल," ते म्हणाले.

त्यांच्या बायको, पद्माबाई, जेवायला डांगर पच्चडी घेऊन आल्या. उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं. "तुमच्याकडे हे करतात का?" त्यांनी विचारलं. आमच्या घरी नाही करत म्हटल्यावर त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "पाहा, आम्हीच खरे मराठे. हे लोक अस्सल जिन्नस विसरले."

गाडी मागच्या अंगणात होती. काळी, पुसून चकचकीत, टाकीवर एक ओरखडाही नाही. मी तिच्यावर बसले. चवडे जमिनीला लागत होते, टाचा लागत नव्हत्या. "सवयीने जमेल," मी म्हटलं. वेंकटराव म्हणाले, "सरी," म्हणजे बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाषण झालं. साठ-सत्तर माणसं होती, निम्म्याहून अधिक बायका. प्रवासाने आवाज बसला होता, पण माईक हातात आला की माझं काही चालत नाही. जड गाडी, जड पद, जड ग्रंथ यांच्याकडे बघून 'हे आपलं नव्हे' असं म्हणणारी बाई दुसऱ्याने घातलेलं कुंपण स्वतः राखते, असं मी सांगितलं. भीतीला अनुभव म्हणू नका, असंही सांगितलं. हे वाक्य माझं आवडतं आहे. पहिल्या रांगेत बसलेले वेंकटराव मान हलवत होते.

दुपारनंतर ते मला स्वामीमलैला घेऊन गेले, बसने. इथल्या साध्या शहरी बसमध्ये बायकांना तिकीट पडत नाही. वेंकटरावांनी आपलं तिकीट काढलं आणि म्हणाले, "पाहा, तुमचे राज्य आले." स्वामीमलैत काशाच्या मूर्ती ओतणारे कारखाने आहेत. मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचा लेप, मग मेण वितळवून त्या जागी धातू. वेंकटरावांच्या ओळखीचे एक वयस्क स्थपती, म्हणजे मूर्तिकार, होते. मूर्तीच्या मापासाठी ते फूटपट्टी घेत नाहीत. नारळाच्या झावळीची एक पट्टी मूर्तीच्या उंचीएवढी कापतात, तिला घड्या घालतात आणि त्या घड्यांवरून तोंड केवढं, मांडी केवढी, पाऊल केवढं ते ठरतं. तासभर बघत बसलं तरी कुणी उठवत नाही आणि विकत घ्या म्हणून मागेही लागत नाही. जरूर जा.

वेंकटरावांनी गप्पांत माझ्या गाडीचा विषय काढला. स्थपतींनी माझ्याकडे एकदा खालपासून वर पाहिलं, एक ओली पट्टी उचलून माझ्या हातात दिली आणि तमिळमध्ये काही बोलले.

"म्हणतात, टाचेपासून मांडीच्या सांध्यापर्यंत तुम्हीच धरा आणि तेथे मोडा," वेंकटराव म्हणाले. "घरी जाऊन गाडीच्या बैठकीस लावा."

"आणि कमी पडली तर?"

त्यांनी ते विचारलं. स्थपती हातातल्या मेणावरून नजर न काढता बोलले. वेंकटरावांनी जरा अडखळत सांगितलं, "म्हणतात, पाय चौथऱ्यावर टेकत नसतील तर मूर्ती केवढीही सुंदर असो, ती आडवीच ठेवावी लागते."

मी हसले. घरी येऊन पट्टी बैठकीच्या कडेपासून खाली सोडली. ती जमिनीच्या चार बोटं वर संपली.

पद्माबाई दारातून बघत होत्या. मी म्हटलं, जाड तळव्याचे बूट घालीन. उंचीचं कारण काढून बायकांना कुठून कुठून बाहेर ठेवलं, पोलिसातून, गोदीतून, असं दहा मिनिटं बोलले. एका झावळीच्या तुकड्याशी मी वाद घालत होते, हे तेव्हा कळलं नाही. वेंकटराव ऐकत राहिले. त्यांनी एकदा तोंड उघडलं, माझं वाक्य संपलं नव्हतं म्हणून मिटलं, आणि शेवटी म्हणाले, "सरी. बूट."

तिसरा दिवस रविवार. सराव सकाळीच उरकायचा असं ठरलं. संध्याकाळी तिरुनागेश्वरम्‌कडे राहूच्या देवळात राहुकाळाच्या पूजेची गर्दी उसळते, त्या बाजूला नवशिक्याने जाऊ नये. आम्ही दक्षिणेला साक्कोट्टैचा रस्ता धरला. चार-पाच किलोमीटर, दोन्ही बाजूंना भातखाचरं, मध्ये पाण्याचे पाट. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, पायात माझे नवे बूट, मागे वेंकटराव. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. तिसऱ्यात ती गाडी अशी चालते की आपलं वजन कुणीतरी उचलून घेतलंय असं वाटतं. खोटं का बोलू, मला रडू आलं. इतक्या वर्षांत रस्त्याने मला कधी उचलून घेतलं नव्हतं.

गावाजवळ पाटावरच्या छोट्या पुलाला चढ आहे. समोर चालक एक बस मागे घेत होता. मी थांबले. डावा पाय खाली टाकला तर त्या बाजूला रस्ता उतरता होता. पाय गेला तो खालीच गेला. टेकलाच नाही. गाडी अगदी सावकाश कलली. एवढा वेळ होता की मला 'आता पडणार' असा पूर्ण विचार करता आला. मी बाजूला सरकले. वेंकटरावांना सरकता आलं नाही. ते कोपरावर पडले आणि पाय गाडीखाली अडकला.

मी हँडल धरून ओढलं. पुन्हा ओढलं. गाडी तसूभरही हलली नाही. अडुसष्ट वर्षांचा माणूस माझ्यासमोर रस्त्यावर पडला आहे आणि मला त्याच्यावरची गाडी उचलता येत नाही. 

खाचरातून लावणीच्या चार बायका धावत आल्या, चिखलाच्या पायांनी. चौघी आणि मी अशा पाचजणींनी ती उभी केली. त्यांतली सर्वांत वयस्क बाई गाडीकडे बघून काही म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. वेंकटरावही कळवळत हसले.

"काय म्हणाली?"

"म्हणते, म्हैस असती तर आपली आपण उठली असती."

दवाखान्यात फोटो काढला. हाड शाबूत होतं, पण कोपर टम्म सुजलेलं. तीन आठवडे हात गळ्यात. पाय खरचटण्यावर निभावला. बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. मी माफी मागत होते आणि ते चांगला हात झटकत होते.

मग ते म्हणाले, "अक्का, एक सांगायाचे राहिले. डोळे बरे आहेत."

"म्हणजे?"

"गाडी मजवरही पडली. दोन वेळ. एकदा अंगणात, एकदा बाजारात. तेव्हाही मज उचलवली नाही. ओरखडे रंगवून घेतले."

"मग बोलला का नाहीत?"

"काल बोलणार होतो. पण सकाळी भाषणात तुम्ही म्हणाला, भीतीस अनुभव म्हणू नका. मज वाटले, खरेच. माझी ती भीती असेल. तुमचा आवाज तसा आहे अक्का. ऐकले की आपले ठावें असलेलेही खोटे वाटते."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला उत्तर सुचलं असतं.

घरी पद्माबाईंनी हाताची झोळी नीट बांधली आणि आम्हा दोघांनाही कॉफी दिली. "दोघेही शाणे," त्या म्हणाल्या. "एकास थांबायास येत नाही, एकास बोलायास येत नाही. आणि हात कोणाचा सुजला?" पुढे दोन तास त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ते बरोबरच होतं. निघताना मात्र त्यांनी वाटेसाठी दहीभात बांधून दिला.

मी गाडी घेतली नाही. ज्यांना तिकडची जुनी गाडी महाराष्ट्रात आणायची असेल त्यांच्यासाठी: तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला, रेल्वे पार्सलसाठी टाकी पूर्ण रिकामी, घरी पोचल्यावर नवी नोंदणी आणि कर. हे सगळं मी आधीच शोधून ठेवलं होतं. स्वतःचा पाय मात्र मोजला नव्हता. गिअरची पहिली गाडी निवडणाऱ्या बायांना आणि बुवांना माझं सांगणं एवढंच की सपाट जमिनीवर पाऊल पूर्ण टेकतं का बघा, मग उतारावर बघा, आणि दुकानातल्या माणसाला सांगून ती एकदा आडवी करून एकट्याने उचलून बघा. तो हसेल, हसू द्या.

परतीच्या गाडीत चोवीस तासांत मी कुणाशीही बोलले नाही. हे माझ्या घरच्यांना खरं वाटत नाही.

महिन्याने मी ड्रायव्हिंग स्कूलच्या सव्वाशे सीसीवर परीक्षा दिली आणि तशीच गाडी घेतली. ती हलकी आहे, माझी टाच टेकते. मुलीला स्कूटर आणि मुलाला मोटारसायकल या वाटणीवरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही, तो मरेपर्यंत राहील. वेंकटरावांचा हात बरा आहे. त्यांची गाडी गेली, घेणाऱ्याला त्यांनी दोन्ही वेळच्या पडण्याची हकीकत सांगितली आणि म्हणून भाव पाडावा लागला, असं त्यांनी फोनवर फार समाधानाने सांगितलं.

परवा वैरागला तेच भाषण होतं. भीती आणि अनुभवाचं ते वाक्य ओठावर आलं आणि मी थांबले. म्हटलं, माझं म्हणणं चुकतंय असं वाटणारी कुणी आहे का इथे. कुणी बोललं नाही. एरवी तेवढ्या शांततेत मी पुढची चार वाक्यं टाकली असती. पण थकले होते आणि खरं सांगायचं तर घाबरलेही होते. मी खुर्ची ओढली आणि बसले. पंखा फिरत होता. बऱ्याच वेळाने मागच्या रांगेतली एक बाई पदर सावरत उभी राहिली.

"बसा तुम्ही," ती म्हणाली. "मला जरा वेळ लागंल."