प्राजक्ता आणि दारातल्या चपला

मी रहस्यकथा लिहितो. म्हणजे वर्षातून एकच, दिवाळी अंकासाठी, आणि तीही संपादकांचे तीन फोन आल्यावर. वाचक सांगतात की खुनी त्यांना पाचव्या पानावरच कळतो. मला स्वतःला तो कधीकधी शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. पण या गोष्टीतल्या मुलीने मला जितकं बुचकळ्यात टाकलं, तितकं माझ्या एकाही खुन्याने टाकलेलं नाही.

प्राजक्ता आमच्या वरच्या मजल्यावर राहते. हे सगळं घडलं २०१२ साली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. वडील कृष्णकांत जासईला कंटेनरच्या यार्डात कामाला, आई निशा घरी शिवणकाम करणारी. मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या फायलीवर ‘स्वमग्न’ असा शब्द लिहून दिला होता. कृष्णकांतला कुणी विचारलं, की तो एवढंच म्हणायचा, आमची पोर तशीच हाय.

नवीन पनवेलमधली आमची इमारत तळमजला धरून चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. रोज दुपारी चारला प्राजक्ता एकटी वाचनालयात जायची आणि पाचला परत यायची. यात काय विशेष, असं वाटेल. पण त्या दहा मिनिटांच्या रस्त्यासाठी निशाने दोन वर्षं खर्ची घातली होती. आधी हात धरून, मग दहा पावलं मागून, मग कोपऱ्यावर उभं राहून, शेवटी नुसतं खिडकीतून. ज्या दिवशी पोर पहिल्यांदा एकटी जाऊन आली, त्या दिवशी निशाने सगळ्या इमारतीला शिरा वाटला होता.

जिना उतरताना प्राजक्ताचा एक नेम असायचा. प्रत्येक दारापुढच्या चपला ती नीट लावायची. जोडी जुळवायची, टोकं भिंतीकडे. एक मजला झाला की खालचा. तळमजल्यावरचं शेवटचं दार झालं की मगच तिचं पाऊल बाहेर पडायचं. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती, की पाहुणे येऊन चपला विस्कटून गेले तरी कुणी वाकत नसे. चार वाजता होईल, असं म्हणायचे.

त्या जूनमध्ये संपादकांचा फोन आला. हल्ली वेगळ्या डोक्याची मुलं डिटेक्टिव्ह म्हणून फार चालतात, तसं काही द्या, असं त्यांचं म्हणणं. मला राग आला. मुलं म्हणजे काय हापूस आंबे, हंगामात खपायला? पण फोन ठेवला आणि डोळ्यांसमोर प्राजक्ता उभी राहिली, तसा राग कुठल्या कुठे गेला. लेखकाची जातच लोचट.

दुसऱ्या दिवसापासून मी चार वाजता दारात उभा राहू लागलो. ती आपणहून कधी बोलायची नाही, पण विचारलं की पुरतं उत्तर द्यायची. कुठल्या चपला कुणाच्या, कुठल्या दाराशी, कुठल्या वारी, सगळं तिला ठाऊक. पहिल्या मजल्यावरच्या प्रभाकरच्या तपकिरी सँडल, डावा पट्टा निळ्या दोऱ्याने शिवलेला, दर बुधवारी तळमजल्यावर दाजींच्या दारात असतात, हेही तिनेच सांगितलं. जाताना तिथेच, येतानाही तिथेच. मी खूश झालो आणि वहीत लिहून घेतलं.

कथा झकास जमली. एक मुलगी चुकीच्या दारापुढच्या चपलांवरून चोर पकडते. नाव बदललं, इमारत उचलून पळस्प्याला नेली. निळा दोरा मात्र बदलायला विसरलो. अंक आला तशा मी प्रती विकत आणून इमारतीत घरोघरी वाटल्या. फक्त प्राजक्ताच्या घरी दिली नाही. का दिली नाही, ते आजही मला धड सांगता येत नाही.

दिवाळी संपली आणि प्राजक्ताचं वाचनालय बंद पडलं. म्हणजे चारला ती निघायची. माझ्या दारापुढच्या चपला सरळ करायची, पहिल्या मजल्यावर उतरायची, आणि परत वर. परत खाली, परत वर. कान दोन्ही हातांनी दाबलेले. असं आठवडाभर चाललं. मग ती दारातूनच बाहेर पडेना. दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली, म्हणून निशा मशीनवर बसून रडायची. मला ते वरून ऐकू यायचं आणि काही सुचायचं नाही.

रहस्यकथाकार ना मी, म्हणून तपास सुरू केला. रस्त्यावर पाइपसाठी खणलं होतं, त्याचा आवाज? पण ती रस्त्यापर्यंत पोचतच नव्हती. गेटवरचा कुत्रा? तो गरीब दिवसभर झोपलेला. वाचनालयात कुणी बोललं असेल म्हणून तिथे जाऊन आलो, तर तेच विचारत होते की पोरगी का येत नाही. पहिल्या मजल्यावर मी तीनदा जाऊन उभा राहिलो. मला तिथे काहीच दिसलं नाही, आणि काहीच दिसत नाही हाच पुरावा आहे, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. शेवटी चकल्यांची ताटली घेऊन वर गेलो आणि निशालाच विचारलं.

"खाली चपला नाय ना," ती म्हणाली. "ती बोलते, लोक गेले. बिल्डिंग रिकामी झाली. मी किती समजावू?"

मी धावत खाली गेलो. सहा दारं पाहिली. एकाही दाराबाहेर चप्पल नव्हती. चपला उरल्या होत्या त्या वरच्या दोन मजल्यांवरच.

मी प्रभाकरची बेल वाजवली. त्याने दार अर्धंच उघडलं. तिथेच सगळा उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी त्याने कार्ल्याला एकवीरेसमोर पत्ते सोडल्याची शपथ घेतली होती, आणि दर बुधवारी दाजींकडे रमीचा डाव मांडून बसत होता. बायको मालूताई शाळेतून साडेपाचला यायची, त्याच्या आत हा घरी. तिने माझी कथा वाचली, निळा दोरा वाचला, आणि तो दोरा तिनेच ओवलेला होता. त्या घरात पंधरा दिवस कुणी कुणाशी बोललं नव्हतं. प्रभाकरने चपला आत घेतल्या, ते बघून दाजींनी घेतल्या, मग खालच्या बाकीच्यांनीही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"ती पोर हेर आहे, असं तूच छापलंस," प्रभाकर म्हणाला. "आता आमी चपला बाहेर कशाला ठेवायच्या?"

मी अंक घेऊन प्राजक्ताकडे गेलो. तिने तो माझ्यासमोर पहिल्या पानापासून वाचला, जाहिरातींसकट. दीड तास मी खुर्चीत बसून होतो. शाळेत मास्तरांपुढेही मी इतका घाबरलो नव्हतो.

"तुमच्या गोष्टीतली मुलगी सगळ्यांना सांगते," ती अंक मिटून म्हणाली. "मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, म्हणून तुम्हाला सांगितलं."

रागावून नव्हे, दुःखानेही नव्हे. बुधवारच्या सँडलबद्दल सांगितलं होतं, त्याच आवाजात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक कुठेही गेलेले नाहीत, सगळे घरातच आहेत, माझ्यामुळे त्यांनी चपला आत नेल्या, असं मी तिला सांगितलं आणि माफी मागितली. माफीचं ती काही बोलली नाही. लोक आहेत का, हे मात्र तिने दोनदा विचारलं.

त्या संध्याकाळी मी दारोदार हिंडलो. पोरीने कुणाची चहाडी केली नाही, चहाडखोर मी आहे, हे एकेका दारात उभं राहून सांगितलं. कुणी ऐकून घेतलं, कुणी हो-हो करून दार लावलं. दाजींनी तोंडावर सुनावलं. मालूताई मात्र ऐकता ऐकताच उठली, आतून स्वतःच्या चपला आणल्या आणि दाराबाहेर ठेवल्या. शेजारी नवऱ्याच्या सँडलही ठेवल्या, त्याला न विचारता.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला मी दार किलकिलं करून उभा राहिलो. आधीच पाहून आलो होतो, खाली सहापैकी चार दारांपुढे चपला होत्या. तेवढ्या तिला पुरतील की नाही, कळायला मार्ग नव्हता. चारला वरचं दार वाजलं. वरच्या मजल्यावरच्या चपला लावून ती आमच्या मजल्यावर आली. शेजाऱ्यांच्या चपला जुळवल्या, टोकं भिंतीकडे केली. मग माझ्या दाराशी आली. माझी एक चप्पल उलटी पडली होती, दुसरी जिन्याच्या कडेला. तिने दोन्हींकडे पाहिलं आणि हात न लावता खाली उतरली.

पहिला मजला. तळमजला. मग फाटकाची कडी वाजली. वर खिडकीत निशा मोठ्याने रडायला लागली, आणि मी सुटल्यासारखा जिन्यातच बसलो.

तेव्हापासून ती रोज जाते. सगळ्यांच्या चपला लावते, प्रभाकरच्याही. माझ्या लावत नाही. तो राग आहे, की शिक्षा, की माझ्या दाराची नोंदच तिने बंद केली, ते मला उमगलेलं नाही. दोनदा विचारायला तोंड उघडलं होतं. विचारलं असतं तर तिने पुरतं उत्तर दिलं असतं, म्हणून विचारलं नाही.