तोंडातलं विचारू नका

क्लोरोफॉर्मचा वास गोड असतो. अति पिकलेले सीताफळ बंद फडताळात विसरून राहावे, तसा जड, किंचित मळमळवणारा गोडवा. हिंगोलीचा दवाखाना आमच्या खिडकीसमोरच होता. सकाळी तो वास तुळशीपर्यंत आला की गल्लीतल्या बायका ओळखत, आज कोणावर तरी सुरी चालणार. दुपारी तिथली नर्स बाहेर येई, पायरीवर बसून कोपरापर्यंत हात धुई आणि कोणी तोंड उघडण्याआधीच म्हणे, "पोटातलं काय निघालं ते विचारा, बाई. तोंडातलं विचारू नका."

ती जालन्याकडची, ख्रिस्ती, मोकळ्या कपाळाची, पांढऱ्या लुगड्याची. रोग्याच्या नाकावर जाळी धरून तिच्यावर औषधाचे थेंब सोडायचे, हे तिचे काम. गाढ झोप लागण्याआधी माणूस बरळतो, हे तुमच्यापैकी ज्यांनी दवाखान्याच्या दाराबाहेर वाट पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे. कोणी बांधावरून भांडे, कोणी रडे, कोणी भलत्याच बाईला साद घाली. ते सारे तिच्या कानांत जाई आणि तिथेच राही. गावातले कितीतरी मानकरी पुरुष ती समोरून येताना दिसली की रस्ता ओलांडत.

पोटातले मात्र ती भाजी निवडत सांगावे तसे सांगे. सेनगावच्या एका शेतकऱ्याला लघवीला उभे राहिले की घाम फुटे. त्याच्या मूत्राशयातून लिंबाएवढा खडा निघाला. हट्टा गावच्या म्हातारीच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. तो म्हणे शिजल्या साबुदाण्यासारखा होता. ओल्या बाळंतिणीच्या छातीतले गळू चिरले आणि लेकरू पुन्हा पिऊ लागले. पुरुषांच्या एका दुखण्याचे नाव ती घेत नसे. "धोतर नेसता येईना बिचाऱ्याला, आता येतंय," एवढ्यावर भागवी. बायका पदर तोंडाला लावून हसत. मी ओट्यावरून ऐकत असे आणि हसत नसे. मला तिचा हेवा वाटे. मी कवितेतल्या नेत्रकमळांवर वाढले होते. ती डोळ्याला हात लावून आली होती.

कविता मी माहेरी शिकले, पैठणला, वडिलांच्या मांडीशी बसून. लग्नात ताटातल्या तांदळांवर ह्यांनी अंगठीने 'सुमती' असे लिहिले, आणि वडिलांनी नाव ठेवलेली वेणू गोदेच्या काठीच राहिली. माहेरचे कोणी इतक्या लांब येत नसे. सुमती हे नाव सासूबाईंनी निवडले होते, आणि तेच सारी हिंगोली घेई. हे मात्र तेही नाव घेत नसत. "ऐकलंस का?" एवढ्या दोन शब्दांवर आमचा संसार चालला होता, आणि मला वाटे, बराच चालला होता.

मग ह्यांना अंतर्गळ झाला. तहसील कचेरीत उठबस करताना जांघेत आतडे उतरू लागले, आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया ठरवली. मी बंद दाराबाहेर उभी होते. तो गोड वास फटीतून आला, आणि पाठोपाठ ह्यांचा आवाज. शब्द काही पोचला नाही, स्वर पोचला. झोपलेल्या लेकराला उचलून घेताना येतो, तसा ओला, सावध स्वर. तो मी माझ्या घरात कधीही ऐकला नव्हता.

ती बाहेर आली. आतडे जागेवर बसवले, वर टाके घातले, आता काही तकलीफ नाही, असे सगळे बराबर सांगितले. पण माझ्याकडे पाहिले नाही. माझा घसरलेला पदर मात्र तिने खांद्यावर नीट केला.

मी विचारले, "काय बोलत होते?"

"काहून विचारून राहिल्या, सुमतीबाई?" ती म्हणाली, आणि आपले नेहमीचे वाक्य इतक्या हळू म्हणाली की मला सारे कळले.

पुढची वर्षे मी मत्सरात काढली. ह्यांना विचारले तर, "मला नुसता वास आठवतो." हळदीकुंकवाला जी जास्त हसे तिच्याकडे मी टक लावून पाही. पण खरा जळफळाट होई तो त्या नर्समुळे. तो स्वर तिच्या वाट्याला आला होता; माझ्या नवऱ्याचे मन तिच्या कानात होते आणि मी त्या कानापुढे रोज भांडी घाशीत होते. त्यात ती येता-जाता थांबे आणि आजाऱ्याला विचारावे तसे विचारी, "जेवलात का, बाई?" त्या प्रश्नातली कीव मला सुरीसारखी लागे. मी भांडी तशीच टाकून आत जाई.

टाके घातलेले ते शरीर पुढे विषमज्वराने नेले. ज्वराला चिरून काढता येत नाही. ती आली, दाराशी बसली, आणि मी तिला पाणीही विचारले नाही.

निजामाचे राज्य संपले त्या वर्षी तिची बदली झाली. स्टेशनला जाण्याआधी ती आमच्या ओट्याशी आली. हातात पत्र्याची ट्रंक, अंगाला तोच वास. मी म्हटले, "ते गेले. तुम्हीही चाललात. आता तरी सांगा."

तिने ट्रंक ओट्यावर ठेवली. "तुमचं मन मोडू नये म्हणून गप राहिले, बाई. आमच्यात बाप्तिस्म्याला ठेवलेलं नाव मरेपर्यंत एकच. तुमचं सुमती, हे मला ठाऊक. अन् ते तर दुसरीलाच हाका मारून राहिले होते. माझं मनगट धरून, पुन्हा पुन्हा. कोण, कुठली, मला म्हाईत न्हाई. तिचा राग करू नका."

"नाव सांगा."

दवाखान्यातल्या कडुलिंबावर कावळे बसले होते. तिने माझा पदर खांद्यावर नीट केला, आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाली,

"वेणू."